उलटा टांगलेला पट्टा

खुंटी रिकामी होती.

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खुंटी रिकामीच. परवा संध्याकाळी याच खुंटीवर मी घारीचा, म्हणजे आमच्या एका गिऱ्हाइकाचा, पट्टा टांगला होता. उलटा, आतलं केशरी अस्तर बाहेर करून. त्याच्या डाव्या मांडीच्या वेढ्याला नुसती कच्ची शिलाई घातली होती. आज लवकर येऊन तो वेढा पक्का शिवायचा आणि घार घ्यायला आली की तिच्या हातात ठेवायचा, असं ठरलं होतं. त्यासाठी मी कुलूप उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसले होते, तेही सुजलेला गाल घेऊन.

"घारीचा पट्टा कुठंय?" मी ओरडले. ओरडले म्हणजे निम्म्या तोंडाने ओरडले, कारण काल अक्कलदाढ काढून घेतल्यापासून डाव्या बाजूचं तोंड उघडतच नव्हतं.

धाकटी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, तिच्या खोलीतून बाहेर आली. चेहऱ्यावर शाबासकी मिळणार असल्याचा भाव. "तो ना? तो कालच गेला, ताई. तुम्ही सुट्टीवर होतात, म्हटलं तुमच्या डोक्याला त्रास नको. फोटो तेवढा राहिला होता. काढला आणि पाठवून दिला. संध्याकाळी पोहोचला पण."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. हे मी उगाच म्हणत नाही. मी खरोखरच यंत्राची कड धरली.

आम्ही उंचावर काम करणाऱ्यांचे पट्टे शिवतो. कमरेला आणि दोन्ही मांड्यांना घट्ट बसणारे, ज्यांना दोरी बांधून माणूस धुराड्यावर, टाकीवर, उंच इमारतीच्या काचेवर लटकून काम करतो. दुकानात मिळतात ते लहान-मोठे अशा ठरावीक मापाचे. आमच्याकडे प्रत्येक पट्टा एका माणसाचा. कुणाची कंबर फिरलेली, कुणाची मांडी जाड, कुणाच्या पाठीत सळई. त्या एकाच अंगाला तो बसणार, दुसऱ्याला नाही. म्हणून आमच्याकडे कुठलंही काम दुसऱ्यासारखं नसतं, आणि कुठलं काम कुठवर आलंय हे कळणं हीच निम्मी लढाई असते.

पूर्वी ती लढाई आरडाओरडा करून लढली जायची. मग धाकटीने भिंतीवर मोठा पडदा बसवला. प्रत्येक मागणीची एक ओळ, ओळीत घरं: माप, कापणी, शिलाई, ताण, फोटो, रवाना. काम झालं की घर हिरवं. गिऱ्हाइकालाही मोबाईलवर आपली ओळ दिसते. मी तिला "आमच्या घरची हिरवळ" म्हणून चिडवायची, पण खरं सांगायचं तर त्या पडद्यानंतर "माझं कुठवर आलं हो?" असे दिवसभर वाजणारे फोन बंद झाले, आणि एकाचं बक्कल दुसऱ्याला जाणंही थांबलं. हे मी तिला तोंडावर कधी म्हटलं नाही. चुलीजवळची भांडणं कारखान्यात आणायची नाहीत असं आमच्याकडे म्हणतात, पण चुलीजवळचा ताठा कारखान्यात चालतो.

"अगं, तो कच्चा होता," मी म्हटलं.

"कच्चा कसा? शिलाई हिरवी, ताण हिरवा. ओढून बघण्याची चाचणीसुद्धा झालेली."

"ती पहिल्यांदा! परवा ती घालून बघायला आली, डावा वेढा सैल पडला, मी उसवला. दोन बोटं आत घेऊन नुसते टाके टाचलेत. नुसते टाके! उलटा टांगला होता ना मी?"

"हो, उलटा होता," धाकटी म्हणाली. आवाज हळू होत गेला. "फोटोत अस्तर वाईट दिसतं. म्हणून मी सरळ केला."

पट्टा सरळ केला की मांडीच्या वेढ्यावर जाड काळी गादी येते. शिलाई तिच्या आत जाते. बाहेरून बघणाऱ्याला पक्का आणि कच्चा यांत काडीचा फरक दिसत नाही. म्हणूनच माझ्या सासऱ्यांनी कारखाना काढला तेव्हापासूनची एक रीत आहे. काम अपुरं असेल तर पट्टा उलटा टांगायचा. अस्तर भडक केशरी घेण्याचं कारणही तेच, दारातून बघितलं तरी कळावं. पक्की शिलाई पडली की मगच सरळ करायचा, आणि तो सरळ करायचा हक्क शिवणाऱ्याचा.

धाकटीचा पडदा पुढे जायला शिकलेला होता. शिवून झालेलं काम परत उसवलं जातं, चार पावलं मागे येतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. घारीच्या ओळीतली सगळी घरं पहिल्या फेरीचीच हिरवी होती, आणि ती तशीच हिरवी राहिली.

"ती कधी चढणार आहे?" धाकटीने विचारलं.

"आज. पट्टा घ्यायला सकाळी येते आणि इथूनच कामावर जाते म्हणाली होती. आता कशाला येईल? पट्टा तर तिला मिळालाय."

धाकटीने फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. ती फोन लावतेय, मी भिंतीवरचा नमुन्याचा पट्टा काढून पिशवीत कोंबतेय, आणि कुणी कुणाला दोष देत नाहीये. एरवी भाजी चिरण्यावरूनही आमचं वाजतं.

"पत्ता?" मी म्हटलं. "ती कुठे चढणार कुणाला माहीत?"

"मला माहीत आहे," धाकटी म्हणाली आणि पडद्याकडे धावली. ओळीवर बोट ठेवलं. काल पट्टा पाठवायचा म्हटल्यावर घारीने घरचा नव्हे, कामाच्या जागेचा पत्ता दिला होता. नदीपलीकडचा कागदाचा कारखाना. पडदा नसता तर आम्ही घारीच्या घराच्या दारात जाऊन कडी वाजवत बसलो असतो.

स्कूटर धाकटी चालवते. मी मागे. पिशवी पोटाशी धरलेली. प्रत्येक खड्ड्याला दाढेच्या जागी कळ उठत होती आणि मला ती बरी वाटत होती, निदान दुसरं काही सुचत नव्हतं. पण सुचायचं ते सुचलंच. परवाची घार डोळ्यांपुढे आली.

घार हे तिचं नाव नव्हे, आम्ही पाडलेलं. धुराडी रंगवते. अंगाने काटकुळी, बोलायला तिखट, आणि डावी मांडी उजवीपेक्षा बारीक, लहानपणी पाय मोडला होता म्हणून. पट्टा घालून ती आमच्या छताच्या हुकाला लटकली आणि म्हणाली, "टेलरबाई, उजवीकडे घरच्यासारखं वाटतंय, डावीकडे भाड्याने राहतेय मी." मी हसले आणि वेढा उसवायला घेतला. तिच्या अंगावरच टाचण्या लावल्या, मग कच्चे टाके घातले. तोवर ती खुंट्यांकडे बघत होती.

"हे काही पट्टे असे आतडी बाहेर काढल्यासारखे का हो टांगलेत?"

"ते कच्चे आहेत. उलटा दिसला की त्यात कुणी बसायचं नाही, असा इथला कायदा."

"चांगलाय," ती म्हणाली. "नवरा कच्चा आहे हे असं बाहेरून कळतं तर किती बरं झालं असतं."

पुलावर सामानाचा एक ट्रक आडवा उभा होता, मागे घेता घेता अडकलेला. दोन्ही बाजूंनी गाड्या. धाकटीने मान वळवून माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, "बघतेस काय, घाल!" आणि तिने स्कूटर पादचाऱ्यांच्या पदपथावर चढवली. लोकांनी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझी ही जाऊ, जी दुधाचं पातेलंसुद्धा दोन हातांनी धरते, ती पदपथावरून स्कूटर हाणत होती.

कागदाच्या कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी. "नाव, काम, कुणाला भेटायचंय, इथे लिहा."

"लिहिते," धाकटी म्हणाली आणि वहीपाशी थांबली. मी आडव्या दांड्याखालून वाकून आत गेले. या वयात मी एवढी वाकते हे मलाच माहीत नव्हतं. मागून पहारेकरी ओरडला, मग धाकटी काहीतरी ओरडली, मग तीही आत आली.

धुराडं लांबूनच दिसलं. खालचा भाग विटांचा, वरती लाल-पांढरे पट्टे, निम्मे नवे, निम्मे उडालेले. बाहेरून लोखंडी पायऱ्या ठोकलेल्या. आणि त्या पायऱ्यांवर, खूप वर, एक काळा ठिपका. ठिपका चढत होता.

खाली घारीचा नवरा होता. कमरेभोवती दोरीचा फेर, दोन्ही हातांत दोरी. ती दोरी वरच्या कप्पीतून फिरून घारीच्या पट्ट्याला बांधलेली. ती चढेल तसतशी तो सैल पडलेली दोरी ओढून घेत होता.

"तिला खाली घ्या," मी म्हटलं. कारखान्याची यंत्रं एवढी धडधडत होती की मला माझाच आवाज आला नाही. त्याच्या कानाशी तोंड नेलं. "पट्टा कच्चा आहे! डावा वेढा शिवलेलाच नाही!"

तो माझ्याकडे बघत राहिला. सुजलेल्या गालाची, विस्कटलेल्या केसांची बाई. मग एका हाताने त्याने शेजारच्या मोटारसायकलच्या डिकीतून फोन काढला. पडद्यावर आमचे न उचललेले फोन होते ते बाजूला सारले आणि मला ओळ दाखवली. "काय बोलताय बाई? सगळं हिरवं आहे की! फोटोपण आहे. मी स्वतः बघितलंय."

हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे काकण आभाळात होतं आणि आरसा या माणसाच्या हातात, तोही खोटा.

"ते हिरवं चुकीचं आहे," धाकटी म्हणाली. ती धापा टाकत होती. "मी केलंय ते. मीच केलंय. खोटं आहे ते."

यावर त्याचा चेहरा बदलला. त्याने फोन खिशात टाकला आणि जमिनीवरचं लाल फडकं उचललं. मी त्याचा हात धरला. "हे काय करता?"

"खाली ये म्हणून सांगतो. लाल दाखवलं की ती उतरते."

"कशी उतरते? पायऱ्यांवरून?"

त्याने फडकं खाली टाकलं. विस्तवाला हात लागल्यासारखं. त्याच्या लक्षात आलं होतं. लाल बघितलं की घार पायऱ्या सोडून पट्ट्यात मागे टेकते आणि तो तिला दोरीने खाली सोडतो. इतकी वर्षं ते तसंच करत आले होते. चढताना सगळा भार हातापायांवर असतो, पट्ट्यावर काहीच नाही. पट्ट्यावर भार पडतो तो टेकल्यावर. म्हणजे तिला वाचवायचा एकच निरोप आमच्याकडे होता, आणि तोच तिला पाडणार होता.

"ओरडून?" धाकटीने विचारलं.

"एक वेळ बहिऱ्याला ऐकू येईल, या धडधडीत तिला नाही," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "फोन ती वर नेत नाही."

"मी चढून जातो," तो पुढे म्हणाला, आणि स्वतःच मान हलवली. दोरी त्याच्या कमरेला होती. ती सोडली तर तिच्यामागे काहीच उरत नव्हतं.

वर ठिपका थांबला. दोरीला एक झटका आला.

"पोचली," तो म्हणाला. "आता मी दोरी आवळून अडकवायची. आवळल्याचं कळलं की ती टेकते."

"आवळू नका!"

"नाही आवळत. पण ती वाट बघेल, परत झटका देईल, मग शिव्या देईल. आणि मग..." त्याने वर बघितलं. "तिच्या कमरेला एक छोटी कडी आहे. मी झोपलो असं वाटलं की ती कडी पायरीला अडकवते आणि टेकते. मला विचारत नाही मग."

दुसरा झटका आला. दोरी त्याच्या हातात थरथरली. माझा जीव टांगणीला लागला म्हणजे काय ते मला त्या वेळी अक्षरशः दिसत होतं, वर, काळ्या ठिपक्याच्या रूपात. मला तिची मांडी आठवत होती. टाचणी चुकून टोचली तेव्हा ती म्हणाली होती, "जपून हो, एवढीच आहे ती." आणि त्या बारक्या मांडीभोवती माझ्या हाताचे लांब लांब टाके होते, नुसते धरून ठेवण्यापुरते, ज्यांना मी स्वतः एका बोटाने उसवते.

ठिपक्यातून एक बाजू जराशी बाहेर आली. ती वळून खाली बघत होती.

"बघतेय!" धाकटी ओरडली. "ताई, ती बघतेय! काय दाखवायचं? काय दाखवायचं तिला?"

मी पिशवी जमिनीवर उलटी केली. नमुन्याचा पट्टा बाहेर पडला, काळा, गुळगुळीत, सरळ. वेढे उलटवायला वेळ लागतो, गादी जाड असते, आधी बक्कल सोडवावं लागतं. धाकटी गुडघ्यांवर बसली आणि दुसरा वेढा तिने ओढायला घेतला. उलटा करताना कुठे धरायचं ते तिला माहीत नव्हतं. "शिवणीपाशी धर," मी म्हटलं, "शिवणीपाशी, कडेला नाही," आणि तिने तसं धरलं, आणि सगळं केशरी पोट बाहेर काढून तो पट्टा आमच्या हातांत पसरला.

आम्ही तो दोघींनी दोन टोकांना धरून डोक्यावर उचलला. हलवला. मी घारीच्या नवऱ्याच्या हातातल्या दोरीकडे बोट दाखवलं, मग पट्ट्याकडे, मग मोकळ्या हाताने नाही, नाही, नाही केलं. एवढ्या लांबून तिला माझी बोटं दिसणार नव्हती. केशरी दिसेल तर दिसेल.

वर तिचा एक हात कमरेकडे गेला. कडीकडे.

"नको," नवरा पुटपुटला. "नको, नको गं."

आम्ही पट्टा हलवत राहिलो. माझे खांदे भरून आले. धाकटी रडत होती आणि हलवत होती. मी असल्या प्रसंगी देवाचं नाव घेत नाही, मी सासऱ्यांचं घेतलं. त्यांच्या त्या भडक कापडाच्या हट्टावरून मी त्यांना जन्मभर नावं ठेवली होती.

तो हात कमरेपाशी थांबला. मग हळूच वर गेला आणि त्याने पायरी धरली. मग दुसऱ्या हाताने पायरी धरली. ठिपका धुराड्याला चिकटला, पालीसारखा, आणि थोडा वेळ तसाच राहिला. मग एक पाय खाली आला. मग दुसरा.

ती पायऱ्यांवरून उतरत होती. मागे न टेकता, एकेक पाऊल.

नवरा दोरी सोडत नव्हता आणि आवळतही नव्हता, फक्त तिच्या पावलांबरोबर तिला जागा देत होता. उतरायला तिला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. खाली आल्यावर तिने शेवटची पायरी सोडली नाही. दोन्ही पाय मातीवर टेकले तरी हात वर पायरीलाच.

"उलटा दिसला की बसायचं नाही," ती म्हणाली. आवाज घोगरा. "तुमचाच कायदा ना, टेलरबाई?"

मी मान हलवली. तिने अंगावरचा पट्टा सोडवून माझ्याकडे दिला. मी डाव्या वेढ्यावरची गादी वर सरकवली आणि दोन्ही हातांनी ओढला. फार जोर लावावा लागला नाही. टर्रकन सगळे टाके निघाले. घारीचा नवरा मोटारसायकलला टेकून मातीत बसला आणि त्याने तोंड गुडघ्यांत घातलं.

घारीने तो फाटलेला वेढा हातात घेतला, उलटवून बघितला, माझ्याकडे दिला. "शिवा नीट," ती म्हणाली. "आणि पाठवू नका. मी येईन, आत हात घालून बघेन, मग घेईन." धाकटीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मग बघितलं, आणि म्हणाली, "पाणी आहे का गं?"

धाकटीने तिला बाटली दिली. ती सगळी प्यायली.

परत निघताना आम्ही फाटकापाशी ठेवलेल्या स्कूटरपर्यंत चालत गेलो. पहारेकऱ्याने आता दांडा स्वतःच वर केला. धाकटीने वहीत खरोखरच नाव, काम लिहून ठेवलं होतं, मला ते दिसलं. धावपळीतसुद्धा.

"ताई," ती म्हणाली, "तिला कसं कळलं? उलट्याचा अर्थ?"

"परवा तिनं विचारलं. मी सांगितलं."

"मी पण विचारलं होतं. लग्न होऊन कारखान्यात आले तेव्हा, पहिल्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात, कळेल हळूहळू."

मला आठवलं. सगळं आठवलं, तिचा तेव्हाचा नवा कुर्ता, हातातली वही, आणि मी यंत्रावरून मानही वर न करता दिलेलं ते उत्तर. गिऱ्हाइकाला सांगितलं होतं. जावेला नाही.

मला लाज वाटली, आणि ती लपवायला माझ्याकडे राग उरला नव्हता. मी गालावर हात ठेवला.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "चल, कारखान्यात गेल्यावर सांगते. पहिल्या खुंटीपासून सगळं सांगते."

तिने स्कूटर सुरू केली. मी मागे बसले आणि फाटलेला पट्टा मांडीवर ठेवला, उलटा.